अंधाऱ्या खोलीतला ताप

तुमच्या पोरांना ताप आला की ही तुमची आजी पत्रातून वकिलासारखे प्रश्न विचारते, म्हणून तुम्ही हसता. हसा. पण तुमची आत्या चार वर्षांची असताना काय झालं ते एकदा वाचा. मला ते आठवलं की अजून चीड येते.

साठ सालाच्या आसपास आम्ही मालवणजवळ खाडीकाठच्या गावात राहत होतो. तुमचे आजोबा मुंबईला नोकरीत, मी सासूसासऱ्यांजवळ. त्या उन्हाळ्यात गावात गोवर होता. मुलाच्या अंगावर पुरळ उठला की देवी आली म्हणायचं, दारात कडुलिंबाचा डहाळा लावायचा, खोली बंद करून काळोख करायचा आणि औषध द्यायचं नाही, असा रिवाज. एका सकाळी मुलीला सणकून ताप आला, ती दोनदा ओकली, आणि दुपारी पायांवर बारीक लाल ठिपके दिसले. झालं. सासूबाईंनी डहाळा लावला.

मी म्हटलं, गोवर कानामागून, तोंडावरून सुरू होतो. हिला ना सर्दी, ना डोळे लाल, मग ठिपके पायांवरच कसे? सासूबाईंचं उत्तर मिळालं, "इंग्रजी शिकलंस म्हणान आता देवीक शिकवतलंस?" सासरे ओसरीवरून म्हणाले, उद्या बघू. आमच्या घरात प्रत्येक गोष्ट उद्या बघायची असे.

दार जरा किलकिलं केलं की मूल कळवळून तोंड भिंतीकडे फिरवायचं. देवीला उजेड सोसत नाही, असं सासूबाई समाधानाने सांगायच्या. म्हणजे डोळ्यांना उजेड टोचतो ही आजाराची खूण, ती आमच्याकडे देवीचा पुरावा ठरली. आणि त्या काळोखात ठिपके किती वाढले ते कोणाला दिसेना.

दुसऱ्या सकाळी पेज भरवायला मी मानेखाली हात घालून तिला उचलायला गेले, तर मान वाकेचना. पाठीसकट सगळं मूल फळीसारखं वर आलं. अंग तापलेलं, हातपाय मात्र गार. हाक मारली तर माझ्याकडे बघूनही ती मला ओळखेना. मी खिडकी सताड उघडली. ठिपके जांभळे झाले होते, काही रुपयाएवढे.

सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. आधी देवळात देवाचा कौल घ्यायचा, मग पोर हलवायची, असं त्यांचं म्हणणं. "तिका काय झाला तर तुझ्या माथ्यार."

"माझ्या माथ्यावर," मी म्हटलं, आणि मुलीला चादरीत गुंडाळून होडीकडे निघाले.

मालवणच्या डॉक्टरांनी ठिपक्यावर अंगठा दाबला. रंग तसाच राहिला. गोवराचा पुरळ दाबला की फिका पडतो, इथे रक्त कातडीखाली उतरलंय, ते म्हणाले. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती आणि विष रक्तात पसरलं होतं. आणखी एक रात्र काढली असती तर आणायची गरजच उरली नसती, असं ते माझ्यावरच खेकसले, जणू डहाळा मीच लावला होता. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि मूल वाचलं.

घरी आल्यावर देवीची ओटी भरली गेली. मुलगी मात्र बदलली होती. पूर्वी मासळीवालीची हाक ऐकून सगळ्यांआधी धावणारी, आता अंगणाकडे पाठ करून बसून राही. "ता रुसलला आसा," सासूबाई म्हणत. एक दिवस मासळीवाली अगदी तिच्या पाठीशी येऊन ओरडली, तरी तिने वळून पाहिलं नाही. मी तिला परत मालवणला नेलं. दोन्ही कान गेले होते. या दुखण्यात असं होतं, आणि गेलेलं ऐकू येणं परतत नाही, डॉक्टरांनी सांगितलं.

यावर घरात काय ठरलं असेल? देवीने जीव राखला, आणि कौलाआधी बाहेर नेऊन आईने कान घालवले. पुढे लग्नांत, बारशांत परक्या बायकांच्या तोंडूनही मी हेच ऐकलं. सुरुवातीला एकेकीला समजावत बसत असे. मग ते सोडलं. मुलीला येत होतं तेवढं बोलणं विरत चाललं होतं, पाण्याला ती नुसतं 'पा' म्हणू लागली होती, आणि तिला पुढ्यात घेऊन, ओठ दाखवत एकेक शब्द पुन्हा बसवायला माझी सबंध दुपार जात असे.