न झुकणाऱ्या राजांचं गाव

"आमच्या राजांनी दिल्लीपुढेही मान झुकवली नाही!" आखातातल्या नजमा वस्तीत, आमच्या भाड्याच्या खोलीत माझा खोलीसोबती गरजत होता. चिपळुणात वाढलेला हा मारवाडी रोज मिशीला पीळ देत आपल्या मूळ गावच्या जुन्या बाजारपेठेचा इतिहास सांगे. गेल्या जुम्म्याला तिथे उतरलेले शंभर उंट या जुम्म्याला हजार होत. आज घरमालकाचा माणूस आम्हाला बाहेर काढायला येणार होता, आणि हा म्हणे दारात छाती काढून उभा राहणार.

दार वाजलं. आमचा हा वीर धावला, कमरेत वाकला आणि चहा, बदाम, अरबीतले आभार "शुक्रन, शुक्रन" असा मारा करून त्याने महिन्याची मुदत मिळवली.

"काय शेठ, तुमचे राजे असेच लढायचे?" मी विचारलं.

"ते लढून मेले," तो कप विसळत म्हणाला. "मग आम्हाला झुकणारे राजे बघावे लागले."