सहादूकाकांचा कोरा कागद

दुरुस्त झालेल्या गाडीच्या इंजिनाखाली सहादूकाका जुनं वर्तमानपत्र पसरायचे आणि गाडी रात्रभर तशीच उभी ठेवायचे. सकाळी कागद कोरा निघाला तरच किल्ली मिळे. द्वारका चौकामागच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडचा हाच नियम होता.

काका मखमलाबादच्या माळी घरातले. मळ्यातल्या विहिरीवर हवेने थंड होणारं डिझेल इंजिन होतं. ते खोलता-जोडता त्यांचा हात बसला. म्हणून आमच्या गाडीला ते बिचकले नाहीत. माझ्या वडिलांनी, रावजींनी, ती देवळाली कॅम्पातल्या बदली झालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. कासवासारखी पाठ, इंजिन मागे, रेडिएटर नाहीच. बाकीचे मेकॅनिक पुढचं बॉनेट उघडून स्टेपनी बघत आणि हसत.

२००१च्या डिसेंबरात घोटीहून निरोप आला: साळूमावशीचं काही खरं नाही, चंद्राला एकदा भेटायला आणा. चंद्रा म्हणजे माझी आई, चंद्रभागा. तिला दमा. काळीपिवळी जीपच्या गर्दीत तिचा श्वास कोंडायचा, आणि आमच्या गाडीतही निभाव नव्हता. इंजिनातून झिरपणारं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडून जळायचं आणि तो वास हीटरच्या वाटेने आत यायचा. काच खाली केली की थंड वारं, वर केली की जळकं तेल.

मी तेव्हा मेकॅनिकलच्या डिप्लोमाला होते. म्हटलं, "काका, हीटरचा पाइपच बुजवून टाकला तर?"

"नाक दाबल्यानं ताप उतरतो का गं पोरी? तुझ्या कॉलेजात हेच शिकवत्यात?"

त्यांनी इंजिन रॉकेलने धुतलं, वाळवलं, वर टाल्कम पावडर शिंपडली आणि पंधरा मिनिटं चालू ठेवलं. तेल झिरपत होतं तिथे पांढऱ्यावर काळ्या रेघा उमटल्या. सिलिंडरांखालून जाणाऱ्या आठ पातळ नळ्या तेल माघारी नेतात. त्यांच्या टोकांची रबरं कडक झाली होती. रबरं मुंबईहून आली. इंजिन खाली उतरलं. त्या नळ्यांना लांबीभर एक जोड असतो. तो वर ठेवायचा, म्हणजे पुढेमागे जोड उकलला तरी तेल खाली पडत नाही. हे मला पुस्तकाने नाही, काकांनी सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं शेडवर गेलो. आई शाल घेऊन, मावशीसाठी केलेल्या लाडवांचा डबा मांडीवर धरून बाकड्यावर बसली. काकांनी कागद ओढला. मधोमध एक थेंब.

"एकच तर आहे, सहादू," वडील म्हणाले. "निघतो आम्ही. तिकडे ती वाट बघतेय."

"एकच हाय. पण पडणार तापल्या पाइपावरच. वहिनींना वाटेत धाप लागली तर कुठं थांबणार?"

"आणि उद्यापर्यंत साळू राहिली नाही तर?"

काका आईकडे बघत राहिले. आईने डब्याचं झाकण घट्ट केलं. "उद्या जाऊ," ती म्हणाली.

इंजिन पुन्हा उतरलं. डावीकडच्या एका नळीवर काकांनी अंगठा फिरवला आणि ते तिथेच थांबले. जोड खाली होता, बारीकसा उकललेला.

"रबराचा दोष नाय," ते वडिलांना म्हणाले. "माझा हाय. दिसलं नाय मला. वरीस झालं, बारीक दिसतच नाय."

इतकी वर्षं ओळख असून आम्हाला हे ठाऊक नव्हतं. पुढची सगळी जोडणी त्यांनी डोळे मिटून केली. प्रत्येक नळी अंगठ्याने दोनदा चाचपून.

दुसऱ्या दिवशी कागद कोरा होता. काचा बंद करून आम्ही घोटीला गेलो. आई वाटेत एकदाही खोकली नाही. साळूमावशीला बोलता येत नव्हतं, पण तिने आईचा हात धरला, आणि आईने भरवलेला लाडवाचा चिमूटभर तुकडा खाल्ला. चार दिवसांनी ती गेली.

दहावा झाल्यावर वडील शेडवर गेले. घोटीला गाडी दुपारभर उभी होती तेव्हा तिच्याखाली अंथरलेला कागद त्यांनी घडी करून जपून ठेवला होता. काकांनी तो उलगडला, तळव्याने पुसत चाचपला, मग माझ्याकडे दिला.

"तू बघ पोरी. कोरा हाय ना?"

मी कागद उन्हात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला.

"कोरा आहे, काका."

त्यानंतर त्यांनी कुणाचंच इंजिन उघडलं नाही.