उपरण्यातला वास

संध्याकाळी कारेगावच्या चौकात कंपन्यांच्या बस शिफ्टची माणसं उतरवून जातात, आणि त्या धुरातून, धुळीतून अचानक गुलछडीचा वास येतो. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर ओल्या फडक्याखाली फुलं झाकलेली असतात. दिवसभराचा शीण उतरवणारा तो वास. कामावरून परतणाऱ्या बायका गाडीपाशी नकळत रेंगाळतात. मी मात्र भरभर पुढे निघते. मला तो निववत नाही, माहेरच्या, आता रिकाम्या वाटणाऱ्या घरात नेऊन सोडतो.

दौंडच्या अलीकडे आमच्या वडिलांचा गुलछडीचा मळा होता. पहाटे तोडलेल्या कळ्या ते खांद्यावरच्या उपरण्यात गोळा करत. फुलं, घाम, तंबाखू, पाटाची ओल, सारं त्या सुती कापडात मुरलेलं. ते गेले तेव्हा आईने त्यांचे बाकीचे कपडे वाटून टाकले, उपरणं तेवढं ठेवलं. उशाशी घेऊन झोपायची. त्या वासाने जिवाची घालमेल थांबते म्हणायची.

पुढे एका तापात तिला वास येणंच बंद झालं. चुलीवर दूध करपलं तरी कळेना. झोप उडाली, बोलणं आटलं. मी शिरूरहून एसटीने गेले की ती आधी उपरणं माझ्यापुढे धरायची.

"बघ गं, येतुया का अजून?"

"येतोय, आई."

एकदा भावजयीचा फोन आला. रडत होती. "ताई, उपरणं चादरींत गुंडाळलं होतं ओ, धुऊन टाकलं मी. आईंना सांगायचा धीर न्हाई झाला."

मी गेले. आईने उपरणं पुढे केलं. त्याला नुसता साबणाचा वास होता.

"येतोय," मी म्हणाले.

आई कापडावरून हात फिरवत राहिली. "धुतलंय त्ये. मऊ लागतंय हाताला. तिला काय बोलू नगंस." मग म्हणाली, "पर कसा यायचा, तेवढं सांग की."

वासाला स्वतःचे शब्द नसतात. दुसऱ्या कशाचे तरी उसने घ्यावे लागतात. मी आठवून आठवून सांगत गेले. पहाटेच्या ओल्या कळ्या, वाफ्यातला चिखल, उन्हात वाळलेला घाम. डोळे मिटून ऐकता ऐकता तिचा श्वास संथ झाला आणि भर दुपारी तिला गाढ झोप लागली. त्यानंतर प्रत्येक खेपेला तेच. मी काही विसरले तर मिटल्या डोळ्यांनीच पुटपुटायची, "तंबाखू ऱ्हायली बघ."

आता आईही नाही. सांगून सांगून ते शब्द गुळगुळीत झालेत. कधी एकटी असताना वडिलांचा तो वास आठवू पाहते, पण वास येत नाही. आईला सांगणारा माझाच आवाज ऐकू येतो. त्यात काय काय गळून गेलंय, कोण जाणे. 'ऱ्हायलं बघ' म्हणून सांगणारं आता कुणी उरलं नाही.