दाणा बघणारे आबा

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे ज्योतिबा, चौतीस वर्षं इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅनमध्ये उकळणाऱ्या रसाचा थेंब काचेवर ओढायचा, उजेडात धरायचा आणि साखरेनं दाणा कसा धरलाय ते सांगायचं, हे त्यांचं काम. साहेब लोक आधी यंत्राचे आकडे बघायचे, मग आबांच्या तोंडाकडे. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. चहात घालायच्या आधी साखरेचा चमचा उजेडात धरतात. तोवर चहा गार. तो परत गरम कुणी करायचा? मी.

यंदाच्या उन्हाळ्यात माळावरच्या रानात विहीर काढायला घेतली. नवरा, जयराज, फौजेत. सगळा कारभार माझ्या गळ्यात. सुरुंग उडाला की आबा दगडाचा एक तुकडा आणून खिडकीत ओळीनं मांडायचे. "म्हातारपणी गोट्या खेळताय व्हय?" असं एकदा मी फाडकन बोललेसुद्धा. ते हसून पुढचा तुकडा पुसायला लागले.

आठ परस, म्हणजे पन्नासेक फूट खोल गेलो तरी काळा पाषाण काही संपेना. विहिरीतला दगड वर ओढायची यारी चालवणारा मल्हार वैतागला. "वहिनी, ह्यो दगड पार पाताळापतूर जातोय. उद्या यारी उतरवतो. दुसरीकडं काम हाय." तो एकदा गेला की वर्षभर फिरकत नाही, म्हणजे यंदाच्या हळदीवर पाणी सोडायचं. जयराजला फोन लावला. तो म्हणाला, "जाऊ दे यारी. आबांचं ऐकत बसू नगंस. ते पॅनमन, पाणाड्या न्हवं."

आबांनी मला खिडकीशी बोलावलं. "रेश्मा, प्रांजल काय सांगत हुती, आठवतंय?"

प्रांजल माझी लेक. सांगलीत भूगर्भशास्त्र शिकते. आपला सगळा मुलूख म्हणजे जमिनीतून वर आलेला वितळलेला दगड, भाकरीवर भाकरी ठेवावी तसा थरावर थर थिजलेला, असं तिनं दिवाळीत सांगितलं होतं. तेव्हा आबा लगेच म्हणाले होते, "म्हंजे पॅनमधला रसच की!"

"रस झटक्यात गार झाला की दाणा बारीक. सबुरीनं झाला की ठळक. ह्यो वरचा तुकडा बग. वाऱ्याला लगीच गार झाला, बुडबुडं तसंच अडकलं. खाली जाल तसा दाणा वाढत गेला." त्यांनी सहा परसावरचा तुकडा उन्हात धरला. दाण्याच्या पांढऱ्या ठळक काड्या चकाकल्या. "आता ह्यो कालचा बग."

मी आबांचं भिंग लावलं. चकाकी गेलेली. दाणा परत बारीक.

"थराच्या पोटात ऊब टिकती, तितं दाणा मोठा. तळ गार भुईला टेकल्याला, म्हनून तितं बारीक. कालचा बारीक हाय, म्हंजे तळ आला. त्याच्याखाली जुन्या थराचं डोकं, उन्हापावसानं कुजून माती झाल्यालं, बुडबुड्यानं पोकळ. पानी असलं तर तितंच."

"असलं तर?"

"पानी मी बगितलं न्हाई, पोरी. दाणा बगितलाय."

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? नवऱ्याचा शब्द मोडायचा, तोही दगडाच्या खड्याकडे बघून! पण ह्या माणसाचा दाणा कधी फसल्याचं कारखान्यात कुणी ऐकलं नव्हतं. मी मल्हारला ठणकावलं, "यारी हलवायची नाही. अजून तीन सुरुंग लाव."

पहिल्याला काळा दगड. दुसऱ्याला काळाच. मल्हार माझ्याकडे बघत तंबाखू मळत बसला. तिसऱ्यानंतर तो खाली उतरला आणि तिथूनच ओरडला, "आवं आबा, तांबडी माती लागली! खालचा दगड पार चाळणीगत हाय! पानी पाझरतंय!"

मी उभ्या उभ्या रडले. आबा विहिरीत वाकून म्हणाले, "तुकडा पाठीव रं वर."

संध्याकाळी जयराजचा फोन आला. "गेली का यारी?"

"नाही. पाणी लागलं."

तो म्हणाला, "कुणाच्या सांगण्यावरनं थांबवलीस?"

खिडकीत आबा तो ओला तुकडा ओळीच्या शेवटी ठेवत होते.

"पॅनमनच्या," मी म्हटलं.