चर्चमधला शेवटचा कोट

परदेशात मदत करायला गेलो आणि मदत घेणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो, असा मी हुशार! रांग दिसली की उभं राहायचं, ही आपली सवय. कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला की ते आठवतं आणि मी दार लगेच लावून घेतो.

नव्वदच्या दशकात न्हावा शेवा बंदरातल्या नोकरीतून हॉलंडला ट्रेनिंगला गेलो होतो. तिथल्या चर्चमध्ये गरजूंना सूप आणि डांबरगोळ्यांचा वास येणारे जुने कोट वाटायचे. एकदा मीही वाटायला मदत म्हणून गेलो आणि चुकून घेणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो. एका आजीबाईंनी मायेने माझ्या अंगावर कोट चढवला. ‘मी वाटायला आलोय’ हे लाजेने बोलवेना. तो शेवटचा कोट होता. मागचा म्हातारा पातळ शर्टात हात चोळत निघून गेला.

कोपरखैरण्याला परतल्यावर बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, “अहो, लाज तुम्हाला वाटली, पण थंडी त्याला वाजली ना?”