मला चढाईला पाठवा

मी अडखळत बोलते हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मला कुणी काही विचारतच नसे. विचारायचं ते बाबांना. दुकानात, एसटीत, डॉक्टरकडे माझी उत्तरं तेच देऊन मोकळे व्हायचे. माया होती ती, पण मला तिचा जाम राग यायचा.

नववीत असताना त्यांनी आम्हाला महाडला सिनेमाला नेलं. जादूची गोष्ट होती. एका मुलीने तोंड उघडलं की वारा सुटायचा, घरांची कौलं उडायची. ती मोठी होईल तसा वाराही वाढत गेला, म्हणून बापाने तिच्या तोंडावर फडकं बांधून ठेवलेलं. शेवटी तिने ते स्वतः सोडलं आणि गावावर उतरलेलं काळं धुकं एका हाकेत पळवून लावलं. सगळे टाळ्या पिटत होते, मी आपली धुमसत होते. पोलादपूरला परतताना बाबा म्हणाले, पिक्चर झकास होता.

"त्यातला बाप तु... तु... तुमच्यासारखाच हाय," मी म्हटलं.

बराच वेळ लागला त्या वाक्याला. बाबांनी ते मधेच पुरं केलं नाही. पुढे काय येणार हे त्यांना पहिल्यांदाच कळलं नव्हतं, एवढंच.

शाळेच्या कबड्डी संघात मी कोपऱ्यात पकडीला असायचे. चढाईला सर कधी पाठवत नसत. ही बोलताना अडखळते, म्हणजे हिचा दम तुटणार आणि पंच बाद देणार, असं त्यांनी धरूनच चाललेलं. करून कुणीच पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी मी सावित्रीच्या काठावर जाऊन मोठ्याने "कबड्डी, कबड्डी" सुरू केलं. कुठेच अडकलं नाही. गाणं म्हणताना मी अडत नाही, तसंच हे. मला इतका आनंद झाला की मी तिथेच उड्या मारल्या. सरांना सांगितलं तर ते नुसते हसले.

तालुक्याच्या सामन्यात आमच्या चढाईच्या पोरी एकेक करून बाद झाल्या. एका गुणाने मागे होतो आणि शेवटची चढाई उरली होती. मी हात वर केला. सरांनी माझ्याकडे न बघता मैदानाबाहेर उभ्या असलेल्या बाबांना विचारलं, हिला जमेल का?

बाबा म्हणाले, "मला काय इचारता सर? तिलाच इचारा."

सर माझ्याकडे वळले. "ज... ज... जमेल," मी म्हटलं, आणि माझा शब्द पुरा होईपर्यंत ते थांबले.

मी रेषा ओलांडली. डावीकडची एक हाताने टिपली, दुसरीने पाय धरला तशी तिला फरफटत घेऊन मध्यरेषेवर आडवी पडले आणि बोटं पलीकडे टेकवली. शिट्टी झाली. पोरी अंगावर येऊन पडल्या. पंच वाकून म्हणाले, "पोरी, बस कर आता, जिंकलात तुम्ही." मला ऐकू येत होतं. पण मी काही थांबले नाही, तशीच पडल्या पडल्या "कबड्डी, कबड्डी" म्हणत राहिले.