ओट्याची उंची

ओल्या सिमेंटचा वास आला की मला तो रविवार आठवतो. कोथरूडचा आमचा फ्लॅट आतून पूर्ण पाडून नव्याने करायचं ठरलं होतं. कंत्राटदार भिंतींवर खडूने फुल्या मारत स्वयंपाकघरात आला आणि त्याने ओट्याची उंची विचारली. जुना ओटा बुटक्या आजीच्या मापाचा होता. आई चांगली उंच. "आहे तेवढीच ठेवा, आजवर कुणाची तक्रार नाही," बाबा म्हणाले. आईने चाकू आणि चार कांदे त्यांच्यापुढे ठेवले. "अहो, जरा चिरता का?" दुसऱ्याच कांद्याला बाबांचा हात कमरेवर गेला. "चार इंच वाढवा," ते पुटपुटले. मी हसलो. आईने उरलेले दोन माझ्याकडे सरकवले. रोज त्याच ओट्यावरचं गरम जेवत होतो. आईला कंबरेचं विचारलं मीही कधी नव्हतं.